आधी झाड सांगा

ट्रीहॉपरचा फोटो दाखवून कोणी मला "हा कोणता किडा?" असं विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कुठल्या झाडावर बसला होता?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "अरे, असंच एक झाड होतं. हिरवं." :)

हे म्हणजे हापिसात एखाद्याने "चालत नाहीये" एवढंच लिहून तिकीट टाकावं तसं झालं. कुठलं व्हर्जन, कुठलं मशीन, काय करत होतास, काही नाही. फक्त "चालत नाहीये".

आता हा प्राणी काय ते आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांनी तो रोज बघूनही पाहिलेला नसतो. तांदळाच्या दाण्याएवढा किडा. कोवळ्या फांदीच्या शेंड्याला चिकटून बसलेला, दोन्ही बाजूंना शिंगं काढलेला. बोट जवळ नेलं की फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो, अगदी वैतागला की टुणकन उडी मारून गायब. ढेकूण, मावा, तुडतुडे यांच्या गोतातला. म्हणजे कीटकशास्त्रवाले ज्या गणाला अधिकृतपणे 'बग' म्हणतात त्यातला. दिवसभर बग शोधून पोट भरणाऱ्या माणसाने सुट्टीच्या दिवशीही तेच करावं यावर आमच्या टीममध्ये जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेलेत, त्यामुळे तुम्ही नवीन करू नका.

जगात यांच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि खरी जत्रा दक्षिण अमेरिकेत. तिथे बोसिडियम नावाचा एक आहे, त्याच्या पाठीवर दांडी आणि दांडीला गोळे, जणू टीव्हीचा अँटेना लावून फिरतोय. ही सगळी नक्षी म्हणजे डोक्यामागच्या पहिल्या पाठपट्टीची वाढ. २०११ मध्ये 'नेचर'मध्ये एका गटाने दावा केला की हा मुकुट म्हणजे पंखांची तिसरी जोडीच आहे. बरीच खळबळ झाली. २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी शरीररचना नीट तपासून सांगितलं की नाही, ही पाठपट्टीच आहे. मग २०२० मध्ये कनेटिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुकं बघितली, तर मुकुट पाठीचाच, पण तो घडवायला पंख घडवणारी जनुकं कामाला लावलेली. नवीन फीचर, जुनी लायब्ररी. हे मला फार म्हणजे फारच आवडलं.

आपल्याकडचे त्या मानाने साधे. पुण्याच्या आसपास मला सारखे भेटणारे तीनच. पहिला ऑक्सिरॅकिस टॅरॅंडस, तपकिरी, राखाडीकडे झुकणारा, शिंगं वर आणि बाहेर रोखलेली. दुसरा लेप्टोसेंट्रस टॉरस, काळा, शिंगं बैलासारखी लांब आणि मागे वळलेली, आणि पाठीवरून एक बाकदार काटा धनुष्यासारखा मागे गेलेला. तिसरा ओटिनोटस ओनेरॅटस, ओबडधोबड, जाड शिंगांचा. पहिल्या दोघांत गोंधळ होत असेल तर बाजूने बघा. लेप्टोसेंट्रसमध्ये पंखांच्या मुळाशी, त्या बाकदार काट्याखाली, पाठीवरचा एक छोटा त्रिकोण उघडा दिसतो. ऑक्सिरॅकिसमध्ये तो झाकलेला असतो. मोबाइलला चिकटवायची दोन-तीनशे रुपयांची लेन्स मिळते, तिने एवढं दिसतं.

काट्यासारखे दिसतात म्हणून पक्ष्यांपासून वाचतात, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. फ्लोरिडाकडच्या अंबोनियाबद्दल ते मान्य, तो खरोखर गुलाबाचा काटा दिसतो. पण आपल्या बाभळीचे काटे लांब, सरळ, पांढुरके. त्यांच्यात ऑक्सिरॅकिस कुठेच लपत नाही. मला तो काट्यापेक्षा सुकलेल्या डोळ्यासारखा दिसतो, फांदीवर गाठ आल्यासारखा. असो.

प्रकार तीन असले की काम सोपं वाटतं. ते तसं नाही. शिंगांची लांबी एकाच जातीत कमीजास्त असते, नर-मादीत फरक असतो, आणि पिल्लं तर मोठ्यांसारखी अजिबात दिसत नाहीत. चपटी, काटेरी, शेपटीला नळी. फोटो थोडासा हलला की तिघेही एकच. जुन्या पुस्तकाकडे वळलं, तर डब्ल्यू. एल. डिस्टंटचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिजीवनावरचा १९०८ चा खंड आहे. त्यात वर्णन आहे, गाव आहे, झाडाचं नाव मात्र क्वचित. टाचणी टोचून पेटीत ठेवलेल्या किड्यावरून लिहिलेलं, त्यामुळे ते साहजिकही आहे. झाडांची दखल नीट घेतली गेली ती पुढे, के. एस. अनंतसुब्रमण्यन यांच्यासारख्या लोकांकडून, ज्यांनी शेंड्यावरची पिल्लं, अंडी, मुंग्या असं सगळं बघितलं. १९९६ मध्ये झूऑलॉजिकल सर्व्हेने त्यांचा या कुळावरचा खंड काढला.

इथवर मी बऱ्यापैकी हुशार होतो. अडलं ते झाडांपाशी. बाभूळ, हिवर, खैर, वेडी बाभूळ, सगळ्यांना काटे, सगळ्यांना बारीक पानं. फोनमधलं अॅप फांदी बघून "अकेशिया" म्हणतं आणि गप्प बसतं. त्यात वनस्पतीवाल्यांनी एक भारी उद्योग केलाय. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत त्यांनी अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांना देऊन टाकलं, आणि २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम केलं. कारण काय, तर तिकडे जवळपास हजार जाती, मग कमी नावं बदलावी लागतील. आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया, खैर झाला सेनेगालिया. आणि रस्त्याकडेला लावलेली ती परदेशी ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र खरी अकेशिया! ज्याचे युजर जास्त त्याचं व्हेरिएबल. जुनी पुस्तकं वाचताना हे डोक्यात ठेवावं लागतं, नाहीतर एकाच झाडाच्या दोन नोंदी होतात.

तर झाडांसाठी मला मिळाली आई.

बाबा गेल्यावर तिला पुण्याला आणलं त्याला आता तीन वर्षं होतील. लातूरकडचं गाव, कोरडवाहू चार एकर, ते चुलत्यांकडे वाट्याने दिलं. आणि ती सहाव्या मजल्यावर. पहिले काही महिने ती दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. टीव्ही नको, देऊळ नको, खालच्या बागेतल्या बायकांचा ग्रुप नको. "त्या सगळ्या पुण्याच्या," म्हणायची. मी आणि बायको दोघेही कामात. घरी आल्यावर "आई, काय केलंस आज?" विचारलं की "काय करणार बाबा, बसले," हे उत्तर. ते "बसले" ऐकवत नसे.

आमच्या सोसायटीच्या मागे तीनेक एकरांचा मोकळा प्लॉट होता. बरीच वर्षं कोर्टात अडकलेला, त्यामुळे त्यात जंगलच माजलेलं. बाभळी, एक हिवर, बोरी, घाणेरी, गाजरगवत. राखणीला एक नांदेडकडचं जोडपं, पत्र्याच्या खोलीत. त्यांनी भिंतीच्या कडेने तुरीची ओळ लावली होती आणि नळाच्या सांडपाण्यावर चार वांगी. शनिवारी सकाळी मी तिथे जायचो. एकदा आई म्हणाली, "मी येऊ का? नुसती उभी राहीन."

नुसती उभी राहिली पाचच मिनिटं. मी लेन्स लावून एका खोडाशी बसलो होतो. विचारलं, "ही बाभूळ ना गं?"

"बाभळ ती पलीकडची. हा हिवर हाय. साल बघ की, पांढरट. बाभळीची काळी अन् भेगाळलेली असती. अन् हिवराला फूल येतंय ते असं पांढरं, तुऱ्यातुऱ्यानं. बाभळीचं पिवळं गोंडं."

"आणि खैर?"

"खैर हितं न्हाई. त्याचा काटा वाकडा, मांजराच्या नखावानी. लुगडं धरतो." मग जरा थांबून, "कुळवाचं दांडं, चाकाचं आरं, समदं बाभळीचं. हिवराचं न्हाई करत." लांबच्या एका उंच बाभळीकडे बघत म्हणाली, "ती बघ, रामकाठी. सरळ जाती."

वर्षभरात एवढं सलग बोललेली मी तिला ऐकलं नव्हतं.

मग मी तिला लेन्समधून ऑक्सिरॅकिस दाखवला. तिने बराच वेळ बघितला. "हे व्हय! तुरीच्या शेंड्याला बसायचं हे. मुंगळे वर चढायला लागले की समजायचं."

"मग काय करायचात?"

"काय करायचं? घाटेअळी आली की रडायची पाळी. हे काय, बसून ऱ्हायचं बापडं."

हे शास्त्राशी जुळतं. तुरीवर ट्रीहॉपर येतो, पण शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या तुलनेत त्याचं नुकसान किरकोळ. आणि मुंगळ्यांची खूण तर इतकी पक्की आहे की मी तेव्हापासून किडा शोधतच नाही, मुंगळे शोधतो. ट्रीहॉपर फांदीतला रस पितो. त्या रसात साखर भरपूर आणि बाकीची पोषणद्रव्यं कमी, म्हणून तो खूप पितो आणि जास्तीची साखर शेपटीकडून चिकट थेंबांत टाकून देतो. मुंगळे ते थेंब गोळा करतात. मुंगळा मिशांनी पिल्लाच्या पाठीवर टकटक करतो, पिल्लू थेंब देतं, अगदी धार काढल्यासारखं. बदल्यात मुंगळे पहारा देतात, कोळी किंवा दुसरा कोणी शिकारी जवळ आला तर त्याच्या अंगावर जातात. इंग्रजीत यांना 'काऊ बग' म्हणतात ते शिंगांमुळे, पण धारेमुळेही चाललं असतं. बाभळीच्या खोडावरून मुंगळ्यांची रांग वर जात असेल तर तिच्या मागे जा. शेंड्याला तीनपैकी एक काहीतरी सापडतं: मावा, पिठ्या ढेकूण, नाहीतर आपला शिंगवाला.

वांग्यावरचा काळा लेप्टोसेंट्रस आईला जास्त आवडला. ती त्याला 'नंदी' म्हणते. योहान फाब्रिशियस, लिनियसचा डॅनिश शिष्य, याने १७७५ मध्ये त्याचं नामकरण केलं ते टॉरस, म्हणजे बैल. बाभळीवरच्या तपकिऱ्याला त्यानेच १७९८ मध्ये टॅरॅंडस केलं, म्हणजे रेनडिअर. तो हिंदुस्थानात कधी आला नाही, पण काळ्या किड्याला बघून त्याला आणि माझ्या आईला एकच जनावर आठवलं. रेनडिअर आईला फोनवर दाखवला, तर म्हणाली, "सांबर म्हण की."

आता मूळ प्रश्नाकडे. झाड एवढं महत्त्वाचं का?

याचं सगळ्यात सुंदर उत्तर अमेरिकेत मिळालंय. तिथे एन्केनोपा बायनोटाटा नावाचा ट्रीहॉपर आहे, पाठीवर दोन पिवळे ठिपके. थॉमस से याने १८२४ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि पुढे दीडशे वर्षं ती एकच जात समजली गेली, अक्रोड, रेडबड, ट्यूलिपचं झाड अशा वेगवेगळ्या झाडांवर राहणारी. डेलावेअर विद्यापीठातल्या थॉमस वुड यांनी १९८० च्या सुमारास दाखवायला सुरुवात केली की हे प्रकरण एक नाही. मादी शरद ऋतूत फांदीत अंडी घालते. वसंतात झाडात रस चढायला लागला की अंडी फुटतात. प्रत्येक जातीच्या झाडात रस चढण्याची वेळ वेगळी. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन झाडांवरची पिल्लं वयाने पुढेमागे होतात, जोडीचा हंगाम मागेपुढे होतो, आणि हळूहळू एकमेकांशी लग्नव्यवहारच थांबतो. त्यात भर म्हणजे नर फांदी थरथरवून 'गाणं' म्हणतो, आपल्या कानांना न ऐकू येणारं, आणि ज्या झाडावर तो राहतो त्यानुसार त्याचा सूर वेगळा असतो. मिसुरी विद्यापीठातल्या रेक्स कॉक्रॉफ्ट यांच्या गटाने ती गाणी फांदीवर यंत्रं लावून नोंदवली. म्हणजे दिसायला जवळपास सारखे, पण झाड वेगळं म्हणून जमात वेगळी. तिथे "कुठल्या झाडावर?" हा पूरक प्रश्न नाही, तोच मुख्य प्रश्न आहे.

आपले तिघे इतके कडक नाहीत. ऑक्सिरॅकिस बाभळीवर, तुरीवर, चिंचेवर, शिरिषावर, मिळेल तिथे. त्यामुळे झाड कळलं की किडा कळला असं होत नाही, यादी छोटी होते एवढंच. पण उलटीकडून बघा. या तिघांचे पुण्याच्या टेकड्यांवर खरे यजमान कोण, हे नीट माहीत असेल तर एखादं झाड गेलं की काय गेलं ते सांगता येतं. वेताळ टेकडीवर वनखात्याने लावलेल्या ग्लिरिसिडियाच्या रांगा आहेत. हिरव्यागार. मी त्यात कित्येक सकाळी घातल्यात आणि मला तिथे एकही वसाहत मिळालेली नाही. टेकडी हिरवी आहे म्हणून खूश होणाऱ्या माणसांशी आता माझं फारसं जमत नाही.

'यजमान' हा शब्द आईला पटत नाही. बोलावलं नाही, जेवायला वाढलं नाही, पाहुणा आपण होऊन नळी खुपसतो, तो कसला यजमान? पण तिने एक नियम लगेच उचलला. प्रौढ किडा एखाद्या झाडावर बसलेला दिसला, एवढ्याने ते झाड यजमान ठरत नाही. तो उडतो, कुठेही बसतो. माझ्या बाइकच्या आरशावर बसलेला मी पाहिलाय, आईच्या पदरावर बसलेला पाहिलाय. पुरावा म्हणजे पिल्लं. त्यांना पंख नसतात, ती जिथे आहेत तिथेच जन्मली आणि तिथलाच रस पिऊन वाढली. नाहीतर कोवळ्या फांदीत अंडी घालताना मादीने पाडलेल्या चिरा. हिवरावर आम्हाला एकदाच एक ऑक्सिरॅकिस दिसला, एकटा. मी फोटो काढायला लागलो तर आई म्हणाली, "पिल्लं हाईत का? न्हाईत? मग पाव्हणा हाय, लिहू नको."

मी एक्सेल शीट केली होती. आईने वही केली. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर गोल आणि मोठं. तारीख, झाड, किती, पिल्लं आहेत का, मुंगळे आहेत का. झाडाच्या रकान्यात ती फक्त "बाभळ" लिहीत नाही, "पत्र्याच्या खोलीमागची बाभळ, वाकडी" असं लिहिते. सुरुवातीला मला वाटलं, हे टाइप कसं करायचं? मग लक्षात आलं की प्रत्येक झाडाला स्वतंत्र आयडी असणं ही मी पुढच्या व्हर्जनमध्ये करायची म्हणून ठेवलेली सुधारणा होती. :) चौदा महिन्यांत ६२ नोंदी, त्यातल्या ४१ मध्ये पिल्लं. शनिवारी मला ऑन-कॉल असलं तर ती एकटीच खाली जायची, राखणदाराच्या बायकोबरोबर. दोघी तासन्‌तास बोलायच्या. किड्यांबद्दल किती आणि बाकीचं किती, देव जाणे. पण "बसले" हे उत्तर बंद झालं.

गेल्या मार्चमध्ये कोर्टाचा निकाल लागला आणि दोन जेसीबी आले. दीड दिवसाचं काम. मी हापिसातून आलो तेव्हा मैदान सपाट होतं आणि एका बाजूला फांद्यांचा ढीग. आई गॅलरीत होती. मला वाटलं रडेल, पण ती चिडलेली होती. "फुलात आलेली तूर उपटली," म्हणाली. "त्या बाईनं दोन महिनं पाणी वाहून जगवलेली." दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली गेली आणि त्या ढिगातून वाकड्या बाभळीचे शेंडे काढून आणले. पाच फांद्या, सुतळीने बांधून. त्यांवर अंड्यांच्या चिरा होत्या. मी तिला सांगितलं की फांदी सुकली की ती अंडी टिकणार नाहीत, त्यांना जिवंत झाड लागतं. तिने ऐकलं. फांद्या तीन दिवस पाण्याच्या बादलीत उभ्या होत्या, मग पानं गळली.

वहीत त्या दिवशीची नोंद आहे. तारीख, आणि पुढे "पत्र्याच्या खोलीमागची बाभळ, वाकडी. तोडली." किती, पिल्लं, मुंगळे हे रकाने मोकळे. शीटमध्ये अशा नोंदीसाठी माझ्याकडे रकाना नव्हता, तो केला.

राखणदार जोडप्याला त्याच कंत्राटदाराने रावेतकडच्या दुसऱ्या प्लॉटवर पाठवलं. आईने त्या बाईंचा नंबर घेतला होताच. परवा रात्री फोन झाला. तिकडे बाभळी फार नाहीत म्हणे, पण तरवड आहे, भरपूर, आणि दोन-तीन झुडपांच्या शेंड्यांकडे मुंगळे चाललेत. "पिल्लं हाईत का बघ," असं आईने फोनवर तिला तीनदा सांगितलं. रविवारी सकाळी सातला निघायचंय. वही पर्समध्ये गेलेली आहे, आणि लेन्स चार्ज करून ठेव अशी मला सूचना आहे. लेन्स चार्ज करायची नसते हे मी अजून सांगितलेलं नाही.